खारपाणपट्ट्यातली नौका

अकोल्याहून मुंबईचा समुद्र रेल्वेनं साडेपाचशे किलोमीटरच्या वर आहे. तरी आमच्या दर्यापूर-अकोट भागातलं लोखंड कोकणाच्या तोडीस तोड गंजतं. ही गोष्ट किनाऱ्यावरच्या माणसाला सांगितली की तो आधी हसतो आणि मग आपल्या समुद्राचा अपमान झाल्यासारखा चेहरा करतो. आमचे जवाईबापू असेच हसले होते. चुलत बहीण अलिबागकडे दिलेली. जवाईबापूंचा तिकडे जलक्रीडेचा धंदा. दोन बोटी, आणि त्या पाण्यात सोडायला-काढायला दोन चाकांचा एक ट्रेलर. बोटीबद्दल ते फारसं बोलत नाहीत, पण ट्रेलरचा विषय निघाला की जेवण थांबतं. माणूस बोटीवर प्रेम करतो, पण त्याची झोप उडते ट्रेलरपायी, हे मला त्यांच्याकडूनच कळलं.

तर दिवाळीला ते गावी आले, ओसरीवर चहा झाला आणि त्यांची नजर अंगणातल्या ट्रॉलीवर गेली.

ट्रॉली म्हणजे ट्रॅक्टरमागची. वऱ्हाडात हिचं स्थान सांगायचं तर दोनच वस्तू सगळा गाव मागून नेतो, एक वऱ्हाडी मंडळींसाठी सतरंज्या आणि दुसरी ही. कापूस अकोटच्या बाजारात हिच्यातून जातो, सोयाबीनचं कुटार हिच्यातून येतं, शेणखत, रेती, विटा, गणपती, नवरदेवाकडची माणसं आणि प्रचारसभेची गर्दी, सगळ्यांची सोय हिच्यात. जन्मभर एवढं ओझं वाहणाऱ्या वस्तूला वर्षातून एकदा अंघोळ मिळते, तीही दसऱ्याच्या आदल्या दिवशी. मग तिला झेंडूचा हार, हळद-कुंकू, नारळ. हळद-कुंकवाचा एक फायदा असतो. गंज कुठला आणि कुंकू कुठलं हे दिवाळीपर्यंत कोणाला ओळखू येत नाही.

जवाईबापूंना आलं. ते उठले, खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला आणि ट्रॉलीच्या पत्र्यावर ठिकठिकाणी टकटक करत चालू लागले. जिथं टण्ण वाजलं तिथं लोखंड होतं. जिथं भद्द वाजलं तिथं नुसता पेंट होता. एका कोपऱ्यात त्यांनी जरा जोर दिला तर किल्ली आरपार गेली. फाळक्यावर कधीकाळी ‘आई-वडिलांची पुण्याई’ असं लिहिलेलं होतं. ‘आई-वडिलां’ खपल्या होऊन गळून पडले होते. ‘ची पुण्याई’ तेवढी शाबूत होती, ती नक्की कोणाची हे वाचणाऱ्यानं ठरवावं.

“काका, ही तर समुद्रात राहिल्यासारखी झालीय!” जवाईबापू म्हणाले.

काका पानाला चुना लावत होते. “गंजीन नाही तं का करीन, जवाईबापू? लोखंड हाय. त्याले का कोंब फुटतीन?”

काकांचं म्हणणं रसायनशास्त्राला धरून आहे. लोखंड, हवा आणि पाणी ही तिघं एकत्र आली की गंज व्हायचाच. खाणीतून निघालं तेव्हा ते ऑक्साइडच्याच रूपात होतं, भट्टीत घालून माणसानं बळेच त्याचं लोखंड केलं, आणि संधी मिळाली की ते पुन्हा मूळ पदावर जातं. नुसत्या पाण्यात हा प्रवास रमतगमत होतो. पाण्यात क्षार मिसळले की त्यातून वीज सहज वाहते, क्लोराइड लोखंडावरचा पातळ संरक्षक थर फोडतं, आणि मग पॅसेंजरची एक्सप्रेस होते. वर मिठाला ओल ओढून घ्यायची सवय. दिवसा कोरडा दिसणारा पत्रा रात्री दमट हवेतलं पाणी पिऊन बसतो.

आता हे मीठ आमच्याकडे आलं कुठून, हा जवाईबापूंचा प्रश्न. तो दरवर्षी एखादा पाहुणा विचारतोच. पूर्णा सातपुड्यातून उतरते, अमरावती, अकोला, बुलडाणा करत चांगदेवला तापीला मिळते. तिच्या दोन्ही अंगांना गाळाची खोल काळी जमीन आहे आणि त्या जमिनीच्या पोटात पाणी आहे ते खारं. ८९४ गावं आणि सुमारे ४,७०० चौरस किलोमीटरचा हा खारपाणपट्टा. दर्यापूर, भातकुली, अकोट, तेल्हारा, बाळापूर, मूर्तिजापूर ही त्यातली आमची रोजची नावं. इथं विहिरीला पाणी लागलं म्हणून पेढे वाटायचे नसतात, आधी चाखायचं असतं. अकोल्याजवळच्या दहीहांड्याला तर पूर्वी विहिरीचं पाणी आटवून मीठ काढत. इंग्रजांनी ते बंद केलं. १९३० साली गांधीजी मिठासाठी दांडीला चालत गेले, तेव्हा वऱ्हाडातल्या सत्याग्रह्यांना समुद्र शोधत जावं लागलं नाही. ते दहीहांड्याला गेले, विहिरीचं खारं पाणी घेतलं आणि कायदा मोडला. ज्या पाण्यानं साम्राज्याचा कायदा मोडता येतो, त्याच्यापुढे ट्रॉलीच्या पत्र्यानं किती दिवस तग धरावा?

जवाईबापूंचा चेहरा जरा बदलला. आपल्या समुद्राला इथं एक चुलतभाऊ आहे हे त्यांना पटलं असावं. मग त्यांनी ट्रेलरवाल्यांचा पहिला नियम सांगितला. “काका, खाऱ्या पाण्यातून ट्रेलर बाहेर आला की त्याच दिवशी गोड्या पाण्यानं धुवायचा. चाकं, पाटे, चॅनेलच्या आतनं, सगळीकडून. एवढं केलं तरी अर्धं काम झालं.”

काकांनी पान तोंडात टाकायचं थांबवलं. “गोडं पाणी? जवाईबापू, गोडं पाणी आमाले प्यायले चौथ्या-पाचव्या दिवशी येते. ते या ट्रॉलीले पाजू म्हणता?”

हा सगळा घोटाळा इथं आहे. किनाऱ्यावर शत्रू समुद्र आणि मित्र घरचा नळ. आमच्याकडे शत्रू घरच्या बोअरमध्येच. शेतातून आलेली चिखलाची ट्रॉली आम्ही मोटर लावून, पाइप धरून, मनापासून धुतो, म्हणजे तिच्यावर व्यवस्थित मिठाचं पाणी मारतो. पाणी उडून जातं, क्षार राहतात. दोन दिवसांनी पत्र्यावर पांढुरकी झाक येते आणि धुणारा म्हणतो, “पाहा, किती साफ निंघाली.” ज्यानं ट्रॉली कधीच धुतली नाही त्याचा पत्रा जास्त टिकला, अशी उदाहरणं गावात आहेत आणि आळशी माणसं ती तोंडपाठ म्हणून दाखवतात.

घरात जे गोडं पाणी येतं ते धरणाचं. तेल्हारा-अकोट भागात वान धरणावरची ८४ खेडी योजना ज्यांनी पाहिली आहे त्यांना ठाऊक आहे की नळाला पाणी आलं की लग्नघटिकेसारखी धावपळ होते. हंडे, ड्रम, टाकी, आणि शेवटी लोटे-गडवेसुद्धा भरून ठेवतात. अशा वेळी कोणी ‘ट्रॉली धुतो’ म्हणालं तर घरातली बाई त्याला ट्रॉलीसकट बाहेर काढेल. तिचंच बरोबर आहे.

राहिलं शेततळं. खाली प्लास्टिक अंथरलेलं, वर पावसाचं साठवलेलं, खारपाणपट्ट्यातलं सगळ्यात प्रतिष्ठित पाणी. माझ्या मामेभावानं एकदा शेततळ्यात पाइप टाकून ट्रॉली धुतली. काकांनी बांधावरून पाहिलं. “हरभऱ्याचं पाणी ट्रॉलीले? लोखंडाले घाटे येतीन का बे?” तेव्हापासून शेततळ्याकडे जाताना मामेभाऊ पाइप न्यायचा नाही.

म्हणजे फुकटचं, भरपूर आणि गोडं असं एकच पाणी उरतं, पावसाचं. आणि गंमत पाहा, गंजाचा सगळा आळ आम्ही घेतो तो त्याच्यावरच. “पावसात उभी राह्यली म्हणून गंजली.” पावसात नुसती उभी राहून ती एवढी गंजत नाही, पावसाचं पाणी आत अडून राहतं तेव्हा ती गंजते. मुसळधार सरीनं वरचं मीठ धुवून निघतं. पण आमची ट्रॉली उभी करायची तऱ्हा अशी की हुकाखाली दोन विटा, त्याही खचलेल्या. तोंड खाली झुकलेलं, फाळका पक्का बंद, आणि तळाशी कोपऱ्यात मागच्या हंगामातल्या खताचा थर. त्यात पाणी साचलं की जो काढा तयार होतो त्याचं गुणवर्णन काय करावं! युरिया असतो, सुपर फॉस्फेट असतं, आणि पोटॅश असतं. पोटॅशच्या गोणीवर म्युरेट ऑफ पोटॅश असं लिहिलेलं असतं, ते पोटॅशियम क्लोराइड, म्हणजे स्वयंपाकघरातल्या मिठाचंच घराणं. कपाशीला ते मानवतं, पत्र्याला नाही. वर काळ्या मातीचा लेप. आमची काळी माती एकदा ओली झाली की दसऱ्यापर्यंत ओल सोडत नाही, आणि तिला चिकटलेला पत्रा तेवढे दिवस ओल्या फडक्यात गुंडाळलेला राहतो. ट्रॉली कोपऱ्यातच का सडते याचं उत्तर झाडूत आहे. खत उतरवल्यावर कोपऱ्यात झाडू मारायचं काम कोणाचं हे आमच्याकडे अजून ठरलेलं नाही. मालकाला वाटतं ड्रायव्हरचं, ड्रायव्हरला वाटतं ज्यानं मागून नेली त्याचं, आणि ज्यानं मागून नेली तो ‘डिझेल मी टाकलं’ म्हणून मोकळा.

उपाय म्हणून गावात परंपरेनं एक सर्वरोगहारक औषध आहे. जळकं ऑइल. इंजिनातून काढलेलं काळं तेल डब्यात जपून ठेवायचं आणि जे जे लोखंडी दिसेल त्याला फासायचं. बैलगाडीच्या काळात वंगणाची नळी गाडीला टांगलेली असायची, तिचाच हा ट्रॅक्टरयुगातला अवतार. मात्र ते वंगण आखात जायचं, अंगाला फासायचं नव्हतं. जळक्या तेलात इंजिनातली आम्लं उतरलेली असतात आणि त्यावर धूळ अशी बसते की आठवड्यात ट्रॉली मखमली दिसू लागते. शिवाय त्यावर पुढं कुठलाच रंग धरत नाही. नव्या साडीतल्या पाहुणीला मात्र ते तेल हमखास धरतं.

रंगाचं प्रकरण आणखी निराळं. मृगाच्या आधी ट्रॉली रंगवायला नेली की पहिला अर्धा तास रंग निवडण्यात जातो. निळा की लाल, पट्टा पिवळा की पांढरा, मागे वाघ की बैलजोडी. तारेचा ब्रश आणि पॉलिश पेपर यांचा विषय कोणी काढत नाही, कारण त्याला वेळ लागतो आणि तो फोटोत दिसत नाही. मग गंजावरच रंग बसतो. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, म्हणून तो आतून फुगत जातो आणि दिवाळीच्या सुमारास रंगाला पापड्या येतात. मालक दुकानदाराला शिव्या देतो, “कंपनी हलकी दिली.” कंपनी कोणतीही असो, सुटणाऱ्या खपलीवर बसलेला रंग खपलीसोबतच जाणार.

दुसरी एक जात आहे ती रेड ऑक्साइडवाल्यांची. ट्रॉली वेल्डिंगच्या दुकानातून तांबडी होऊन येते आणि मालक तशीच जुंपतो. ‘वरचा रंग पुढच्या हंगामात.’ तो हंगाम काही येत नाही. माझ्या ओळखीच्या काही ट्रॉल्या तांबड्याच जन्मल्या आणि तांबड्याच भंगारात गेल्या. रेड ऑक्साइड हे अस्तर आहे. ते लोखंडाला धरून ठेवतं आणि वरच्या ऑइल पेंटला पकड देतं, पण एकटं पाणी अडवू शकत नाही. त्यातलं रंगद्रव्य लोखंडाचं ऑक्साइडच असतं, म्हणजे आपण गंज खरवडून दमतो आणि वर पैसे देऊन त्याच कुळातला डबा विकत आणतो. हे काकांना सांगितल्यावर ते म्हणाले, “मंग फुकटचा होता तो काऊन काढला?” यावर जवाईबापूंकडे उत्तर नव्हतं.

त्यांच्याकडे होता तो जस्ताचा विषय. त्यांचा ट्रेलर गॅल्व्हनाइज केलेला. साधारण ४५० अंशाच्या वितळलेल्या जस्तात अख्खी चौकट बुडवून काढतात, पोकळ नळीच्या आतसुद्धा जस्त जातं. जस्ताची खासियत अशी की कुठं ओरखडा पडून लोखंड उघडं पडलं तरी शेजारचं जस्त आधी झिजतं आणि लोखंडाला वाचवतं. एकत्र कुटुंबातल्या थोरल्या भावानं सगळ्यांची देणी आपल्या अंगावर घ्यावी आणि धाकट्यांनी खुशाल हिंडावं, तसं. पण थोरलाही कधीतरी संपतो. आणि आमच्याकडे गॅल्व्हनाइजचा पाइप आणला तरी वेल्डिंगवाला त्यावर जोड मारतो, जोडाच्या आजूबाजूचं जस्त जळून जातं, आणि गंज नेमका तिथून सुरू होतो. जोडावर जस्ताचा पेंट मारायचा असतो. “मारला ना, चांदी मारली,” वेल्डिंगवाला म्हणतो. चांदी म्हणजे ॲल्युमिनिअमचा चमकणारा पेंट. चमकतं म्हणजे जस्तच असेल, हा त्याचा हिशेब.

आता तुम्ही म्हणाल, ट्रॉली आणि बोटीचा ट्रेलर यांची एवढी सांगड कशाला? ट्रॉली कुठं पाण्यात जाते? जाते. भाद्रपदात अनंत चतुर्दशीला ट्रॅक्टरवाला गणपतीची ट्रॉली उलटी घेत पूर्णेच्या काठावर उतरवतो. मागे दहाजण ‘येऊ दे, येऊ दे’ म्हणत असतात, दोघं ‘बस, बस’ म्हणत असतात, आणि चाकं आखापर्यंत पाण्यात गेल्यावरच एकमत होतं. अलिबागच्या धक्क्यावर बोट सोडतात ते अगदी असंच. फरक एवढाच की त्यांची बोट परत वर येते.

इथं जवाईबापूंनी जे सांगितलं ते मी लिहून ठेवलं. दूरवरून ओढत आणलेल्या गाडीची चाकं आतून तापलेली असतात. बेअरिंगच्या डबीतली हवा गरम होऊन फुगलेली. ती तशीच थंड पाण्यात बुडवली की हवा आक्रसते आणि जुन्या सीलमधून पाणी आत ओढून घेते. वरून काही दिसत नाही. ग्रीस आत पांढरट होतं, दुधाळ होतं, आणि दोन महिन्यांनी कापसाच्या भर हंगामात चाक जाम होतं. म्हणून ट्रेलरवाले काठावर अर्धा तास थांबतात, चाक हाताला गार लागलं की मगच पाण्यात सोडतात, आणि नंतर ग्रीस बदलतात. आमच्याकडे त्यासाठी वेगळं थांबायची गरज नाही. काठावर आरती असते. ती जरा लांबवावी. भक्तीसाठी तर लांबवावीच, पण ‘घालीन लोटांगण’ची दोन आवर्तनं बेअरिंगच्या नावानं करावीत.

खऱ्या बोटीही वऱ्हाडात आहेत. चिखलदऱ्याच्या शक्कर तलावावर पर्यटक बोटीत बसतात, काटेपूर्णा आणि अप्पर वर्धासारख्या धरणांवर मासेमारी चालते. आणि सरकारी बचाव बोटी आहेत. अशी एक बोट मी एका कचेरीच्या आवारात, कडुलिंबाखाली, तिच्या ट्रेलरवर पाहिली होती. बोट कापडात नीट गुंडाळलेली. ट्रेलर मात्र उघड्यावर, दोन्ही टायर बसलेले, रिमची कड जमिनीत रुतलेली, आणि हुकावर कोणीतरी वाळायला टाकलेला टॉवेल. पावसाळ्यापूर्वीची बैठक झाली, बोट सज्ज असल्याची नोंद झाली. बोट सज्ज होतीच. रंगीत तालमीच्या दिवशी चाक फिरेना, तेव्हा ती चौघांनी उचलून एका मालवाहू टेम्पोत घातली आणि टेम्पोवाल्याला भाडं कोणत्या शीर्षकाखाली द्यायचं यावर दुपारपर्यंत चर्चा झाली. अकोला जिल्ह्यात पिंजरच्या संत गाडगेबाबा शोध व बचाव पथकासारखी माणसं एका हाकेवर पुराच्या पाण्याकडे धावतात. हाक आल्यावर ग्रीस गन शोधायला कोणाला सवड असते?

जवाईबापू चार दिवस राहिले. जाण्याआधी त्यांनी मामेभावाला हाताशी धरून ट्रॉलीचे कोपरे खरवडले, तळाला ड्रिलनं चार भोकं पाडली, खपल्या काढून अस्तर मारलं आणि वर रीतसर दोन हात रंग दिला. काका खाटेवरून पाहत होते. भोकं पाडताना मात्र त्यांच्यानं राहवलं नाही. “चांगल्या ट्रॉलीले भोकं पाडून राह्यले, अन् म्हणतात गंजू नये म्हणून!” मग गावातले चारजण येऊन भोकं पाहून गेले. त्यातल्या दोघांनी आपल्याही ट्रॉलीला पाडून घेतली.

तुमच्या अंगणात ट्रॉली असेल तर तूर निघाल्यावर, उन्हाळ्यात ती रिकामी असताना, एक सकाळ काढा. कोपरे झाडा, खपली दिसेल तिथं तारेचा ब्रश मारा, अस्तर सुकू द्या आणि त्यावर रंग द्याच. चाकं वर उचलून हातानं फिरवून पाहा, खरखर आली तर बेअरिंग धुवून नवं ग्रीस भरा. बोअरच्या पाण्यानं धुतलीच असेल तर कोरड्या फडक्यानं पुसून घ्या. आणि मृगाचा पाऊस यायच्या आत हुकाखाली आणखी दोन विटा लावा, तोंड वर करा, आणि फाळका उघडा ठेवा.